दीड हजार रुपये… अटी लागू!

महिनाअखेर आहे. सॅलरी अकाउंट आचके देतंय, पण मील कार्डात अजून बाराशे रुपये पडून आहेत. मग काय, ऑफिस सुटलं की चार जण मिळून थेट सुपरमार्केट! तिथे खरा खेळ सुरू होतो. मॅगी चालेल, चीज चालेल, बिस्किटं तर चालतीलच. पण शाम्पू? नाही. डिओ? अजिबात नाही. मग कोणीतरी काउंटरवर वाकून, आवाज खाली घेऊन विचारतं, "भाऊ, हे पण किराण्यातच धरा ना…" भाऊ कधी धरतो, कधी नाही.

कागदी कुपनांच्या जमान्यात तर आणखी मजा होती. पन्नासचं कुपन, अडतीसचं बिल आणि सुट्ट्यांऐवजी हातावर मूठभर चॉकलेटं. हा सगळा घाट कशासाठी? तर पगारातला तेवढा तुकडा कंपनी खाण्यापिण्यासाठी देते, सरकार त्यावरचा कर सोडतं, म्हणून सरकारची अट अशी की तो पैसा पोटातच गेला पाहिजे. अनेक वर्षं ही सवलत दर जेवणामागे फक्त ५० रुपयांची होती. पन्नास रुपयांत कोणतं जेवण येतं, हे मिहानच्या कुठल्याही कँटीनमध्ये विचारून बघा!

आपल्याला ही अट अपमानाची वाटत नाही. वैताग येतो, थोडी पळवाट शोधली जाते आणि तिला आपण कौतुकानं 'जुगाड' म्हणतो. आता एक सोपा प्रश्न. हाच जुगाड आपल्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी सरकारी पैशांबाबत केला, तर त्याला काय म्हणायचं?

कूलर आणि अकरा अंगठे

मी मनीषनगरात राहते. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते, वर्धा रोडच्या बाजूचा, मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्या भाडेकरूंनी भरलेला हा भाग. पूर्वी मनीषनगर म्हटलं की लोकांना रेल्वे फाटकावरचा ट्रॅफिक जॅम आठवायचा. २०१९मध्ये वर्धा रोडवर मेट्रो आली, नोव्हेंबर २०२०मध्ये उड्डाणपूल खुला झाला आणि भागाचा भाव वधारला. आता गल्लोगल्ली कॅफे, जिम आणि 'टू बीएचके विथ मॉड्युलर किचन'च्या पाट्या. त्या मॉड्युलर किचनमध्ये सकाळी सातला शिरतात त्या मावशी. त्या एक दिवस आल्या नाहीत तर निम्मं मनीषनगर उपाशी ऑफिसला जाईल, शप्पथ!

आमच्या मावशी ४६ वर्षांच्या. चार घरची कामं करतात, कॉलेजात शिकणारी एक मुलगी आहे. नवरा आठ वर्षांपूर्वी कामासाठी सुरतेला जातो म्हणून गेला, तो गेलाच. ना फोन, ना पत्ता, ना घटस्फोट.

जुलै २०२४पासून राज्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना' लागू झाली आणि मावशींनी फॉर्म भरला. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात चारचाकी नको (ट्रॅक्टर चालतो!), महिन्याला १,५०० रुपये थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे मिळून तीन हजार जमा झाले. मावशींनी त्याला हातच लावला नाही. साठवत गेल्या आणि एप्रिल २०२५मध्ये कूलर घेतला. टिनाच्या छपराखाली ४५ डिग्रीत राहणाऱ्या बाईनं उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर घ्यावा, यात नागपूरकराला नवल वाटायला नको.

पण आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला वाटलं. "टॅक्स आपण भरायचा आणि कूलर यांनी घ्यायचे." खाली अकरा थम्ब्स-अप. मग पुढची गाडी नेहमीच्या स्टेशनांवर: फुकट मिळतं म्हणून कामाला बाया मिळत नाहीत, हे पैसे साड्या आणि पार्लरवर उडतात, द्यायचेच तर निदान पोरांच्या फीसाठी द्या, धान्य द्या, कुपन द्या.

माझं मत विचाराल तर तो कूलर ही त्या सीझनला मनीषनगरात झालेली सगळ्यात शहाणी खरेदी होती. आणि ग्रुपवर कोणाच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी, की या योजनेत खर्चावर अट नाहीच. बायकांचं आर्थिक स्वातंत्र्य, आरोग्य आणि पोषण, घरातल्या निर्णयात त्यांचा आवाज असे उद्देश सरकारनं लिहिलेत, पण 'बिल जोडा' असं कुठे म्हटलेलं नाही. साडी घ्या, कूलर घ्या, नाहीतर भिशीत टाका. मला तरी या योजनेतली हीच सगळ्यात मोकळी गोष्ट वाटते.

मग अटी कुठे आहेत? त्या दारावर आहेत. पैसा एकदा हातात आला की तो मावशींचा. पण तो हातात यायच्या आधी…

दोन ओटीपी, एक नवरा

सप्टेंबर २०१८मध्ये सुप्रीम कोर्टानं आधारचा मोठा निकाल दिला, आठवतंय? बँक खातं आणि मोबाइल सिमसाठी आधारची सक्ती रद्द झाली. आपण सगळ्यांनी हुश्श केलं. त्याच निकालानं सरकारी अनुदानांसाठी मात्र आधारची अट कायम ठेवली. थोडक्यात, बँक खातं किंवा सिम घेणाऱ्याला आधार न देण्याची मुभा आहे, सरकारी मदतीवर भिस्त असणाऱ्याला नाही.

तर १८ सप्टेंबर २०२५ला राज्य सरकारनं लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची केली. मुदत दोन महिने. लग्न झालेल्या बाईनं स्वतःच्या आधारसोबत नवऱ्याचा आणि अविवाहित असेल तर वडिलांचा आधार नंबर टाकायचा, कारण उत्पन्न कुटुंबाचं तपासायचं आहे. प्रत्येक आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार, तो भरायचा, झालं! आपल्याला हे पिझ्झा मागवण्याइतकं सोपं वाटतं.

मावशींचा पहिला ओटीपी गेला त्यांच्या आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर नवऱ्याचा. आधार काढलं तेव्हा घरात मोबाइल एकच होता आणि तो त्याच्या खिशात होता. दुसरा ओटीपी हवा नवऱ्याच्या आधारचा. म्हणजे दोन्ही ओटीपी त्याच माणसाकडे, जो आठ वर्षांपूर्वी सुरतेच्या गाडीत बसला.

"आठ वर्सं झाले ताई, तो कुठं हाय मले माहीत नाही," मावशी पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "अन् आता दीड हजारासाठी त्याले विचारून येऊ का?"

गंमत बघा. योजनेच्या पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशी यादी आहे. परित्यक्ता म्हणजे नवऱ्यानं टाकलेली. हा शब्द सरकारनंच लिहिलाय. पण वेबसाइट बनवताना तिच्यासाठी रकाना ठेवायचं कोणाला सुचलं नाही. नोव्हेंबरमध्ये सरकारनं मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि ज्यांचा नवरा किंवा वडील हयात नाहीत, किंवा घटस्फोट झालाय, त्यांना मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाच्या आदेशाची प्रत जमा करायची सोय दिली. विधवेचा दाखला असतो. घटस्फोटितेचा कागद असतो. टाकलेल्या बाईचा कुठला कागद असतो? 'मी निघून गेलो' असं लिहून देऊन कोणी जात नाही.

शेवटी मावशींनी वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याचा मार्ग धरला. भंडारा जिल्ह्यातलं गाव, ग्रामपंचायत, पहिल्या दिवशी ग्रामसेवक नाही, दुसऱ्या दिवशी दाखला. त्याआधी आधारचा मोबाइल नंबर बदलायला केंद्रावर अर्धा दिवस आणि ७५ रुपये फी. एसटीत बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे म्हणून दोन फेऱ्यांचे पावणेतीनशेच लागले. झेरॉक्स, नेटकॅफेवाल्याचे शंभर, आणि दोन दिवस न गेल्याबद्दल एका घरानं कापलेले तीनशे. हिशोब मी मोबाइलवर केला, आकडा साडेसातशेच्या वर गेला. म्हणजे दीड हजार मिळवण्यासाठी अर्धा हप्ता उडाला. आणि हा माझ्यासारखी फॉर्म भरून देणारी घरात असताना!

ज्यांचं कुटुंब पूर्ण होतं त्यांचीही सुटका नव्हती. फॉर्ममधलं सरकारी नोकरीबद्दलचं वाक्य नकारार्थी होतं. घरातलं कोणी सरकारी नोकरीत 'नाही', याला हो म्हणायचं की नाही? आपण इंजिनियर असून दोनदा वाचतो. असंख्य बायकांचं उत्तर उलटं पडलं, हप्ते थांबले, आणि जानेवारी २०२६मध्ये अंगणवाडी सेविकांना घरोघरी पाठवून पुन्हा पडताळणी करायची वेळ आली.

सरकारची बाजू नाही असं नाही. निवडणुकीच्या तोंडावर अर्ज धडाधड मंजूर झाले होते. पुढे निघालं की १४ हजारांहून जास्त पुरुषांनीही 'बहीण' होऊन पैसे घेतले, दोन हजारांवर सरकारी नोकर बायकाही यादीत होत्या. जून २०२५मध्ये २६.३४ लाख खात्यांचे हप्ते थांबवले गेले, आणि तरीही सुमारे सव्वादोन कोटी बायकांना पैसे गेले. वर्षाला हजारो कोटी जाणाऱ्या योजनेची तपासणी व्हायलाच हवी. माझी तक्रार एवढीच, की चाळणी अशी विणली आहे की त्यातून पुरुष आधी पार झाले आणि परित्यक्ता अडकली.

याहून जुनी चाळणी हवी असेल तर संजय गांधी निराधार योजना बघा. तिथेही महिन्याला दीड हजार. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याचे साडेसतराशे! दोन घरची भांडी घासणारी बाई यात बसत नाही. मनीषनगरात एका ब्रंचचं बिल याहून जास्त होतं.

पैसे नको, कुकर घ्या

'पैसे दिले की उडवतात, वस्तू द्या' हे ग्रुपवरचं आवडतं वाक्य. ते सरकारलाही आवडतं. त्याचं काय होतं, हे नागपूरनं फार जवळून पाहिलंय.

तुमच्या-माझ्या फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर लागतो. १९९६च्या कायद्यानं तो बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी राखला गेला. म्हणजे तो मजुरांचा पैसा. त्यातून राज्याचं कल्याणकारी मंडळ नोंदणी झालेल्या मजुरांना ३० नगांचा भांड्यांचा संच देतं: ताटं, वाट्या, पातेली, परात, कढई, कुकर, सात कप्प्यांचा मसाल्याचा डबासुद्धा. मार्च २०२४मध्ये रेशीमबागच्या सुरेश भट सभागृहात बांधकाम कामगारांना असे संच वाटायचं ठरलं. पहाटेपासून रांगा लागल्या, गर्दी आवरेना, चेंगराचेंगरी झाली आणि एका वयस्क बाईचा जीव गेला. कुकर आणि कढईसाठी.

तीच रक्कम खात्यात टाकली असती तर कोणाला रांगेत उभं राहावं लागलं नसतं. मग का नाही टाकत? वस्तूंना काही सोयी असतात बघा. टेंडर निघतं. मंडप पडतो. पिशवीवर फोटो छापता येतो, बँकेच्या एसएमएसवर येत नाही.

२०२२च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' सुरू झाला: शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. पिशवीवर अर्थातच नेत्यांचे फोटो. २०२५ची दिवाळी आली तेव्हा तिजोरीवरचा भार वाढलेला होता आणि शिधा आलाच नाही. २०२४मध्ये अंत्योदय कुटुंबांना वर्षाला एक साडी मोफत वाटली गेली. पालघर जिल्ह्यात आदिवासी बायकांनी त्या साड्या सरकारी कार्यालयात नेऊन परत केल्या. आम्हाला रोजगार द्या, दवाखाने द्या, म्हणाल्या. फुकट मिळालेली साडी परत करायला केवढी हिंमत लागत असेल!

वर्धा रोडचं दुसरं टोक

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल, फंडा सोपा आहे: सगळीकडे रोख द्या, विषय संपला. थांबा.

मनीषनगरच्या बाजूनं जाणारा वर्धा रोड तास-दीड तासात ज्या जिल्ह्यात पोचतो, त्या वर्ध्यासह विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत सरकारनं खरंच धान्याऐवजी रोख दिली. तिथल्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना २०१५पासून माणशी ५ किलो धान्य मिळायचं, गहू २ रुपये किलो, तांदूळ ३ रुपये किलो. फेब्रुवारी २०२३च्या निर्णयानं ते थांबलं आणि माणशी महिना १५० रुपये घरच्या बाईच्या खात्यात जाऊ लागले. पुढे त्याचे १७० झाले. आता १७० रुपयांत ५ किलो गहू-तांदूळ आणून दाखवा. दुकानाचा भाव वाढतो, खात्यातला आकडा तिथेच राहतो. शिवाय खातं तालुक्याच्या गावी आणि रेशन दुकान गावातच.

मावशींना मी मुद्दाम विचारलं, रेशनऐवजी पैसे दिले तर? त्या मायलेकींना दोघींचं मिळून महिन्याला १० किलो धान्य मोफत येतं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "नको बाप्पा! तांदूळ घरात आला का कोणी उसना मागत नाही. पैसा आला का सारेच मागतेत."

घ्या! कूलरच्या वेळी त्यांना मोकळा पैसा हवा होता, इथे धान्यच हवंय. दोन्हीकडे त्यांचा हिशोब पक्का आहे. गोची एवढीच, की रोख की वस्तू हे ठरवताना त्यांना कोणी विचारत नाही.

कॅन्सस ते सेडुना

हा आपल्याकडचाच स्वभाव आहे असं समजू नका. अमेरिकेत गरिबांना अन्नासाठी सरकारी कार्ड मिळतं. त्यावर फ्रोझन पिझ्झा मिळतो, पण दुकानात भाजलेलं गरम चिकन सहसा मिळत नाही, कारण गरम तयार जेवण नियमात बसत नाही. दिवसभर दोन नोकऱ्या करून घरी जाणाऱ्या बाईनं थंड कोंबडी घ्यायची आणि शिजवत बसायचं. जानेवारी २०२६पासून नेब्रास्का राज्यानं या कार्डावर कोल्ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंकही बंद केली.

सगळ्यात भारी प्रकार कॅन्ससचा. २०१५मध्ये तिथल्या कायद्यानं रोख मदत घेणाऱ्यांनी ते पैसे कुठे वापरायचे नाहीत याची यादीच केली: स्विमिंग पूल, सिनेमागृह, टॅटूचं दुकान, ज्योतिषी, आणि हो, क्रूझ जहाज! मदतीवर जगणारं कोण क्रूझवर निघालं होतं, देव जाणे. जोडीला एटीएममधून दिवसाला फक्त २५ डॉलर काढायची मर्यादा. एटीएम २०च्या नोटा देतं, म्हणजे हातात २०च, आणि प्रत्येक वेळी मशीनची फी वेगळी. केंद्राच्या नियमांत ते बसेना, म्हणून ही मर्यादा मागे पडली.

ऑस्ट्रेलियानं तर प्रयोगच करून पाहिला. २०१६मध्ये सेडुना या गावापासून 'कॅशलेस डेबिट कार्ड' सुरू झालं. मदतीचे ८० टक्के पैसे कार्डात बंद. ते रोख काढता येत नाहीत, दारू-जुगारावर चालत नाहीत. ऐकायला छान. पण मग जुन्या वस्तूंच्या बाजारातली सायकल, शेजाऱ्याकडून घेतलेली भाजी, असे रोखीचे सगळे व्यवहार उरलेल्या २० टक्क्यांत कोंबायचे. २०२२मध्ये तिथल्या महालेखापालांनी म्हटलं, की हे कार्ड परिणामकारक आहे हे सरकारला दाखवता आलेलं नाही. मार्च २०२३मध्ये कार्ड बंद झालं.

आणि आपण? आपल्याकडे ऑगस्ट २०२१मध्ये 'ई-रुपी' आलं: ठरलेल्या कामासाठीच चालणारं डिजिटल व्हाउचर. फेब्रुवारी २०२४मध्ये रिझर्व्ह बँकेनं डिजिटल रुपयात 'प्रोग्रॅम' करता येण्याची सोय आणणार असल्याचं जाहीर केलं. म्हणजे कुठे, कशासाठी, किती तारखेपर्यंत चालायचं हे ठाऊक असलेला पैसा. आमच्या ऑफिसात यावर एक प्रेझेंटेशन झालं तेव्हा सगळे 'वॉव' म्हणाले. टेक्नॉलॉजी खरंच कूल आहे. मला मात्र सारखा तो कूलर आठवत होता. त्या रुपयाला तो चालला असता का?

आपलं बिल कोण मागतं?

ग्रुपवरच्या त्या 'टॅक्स आपण भरायचा'वर थोडं बोलू या. २०२५च्या बजेटमध्ये नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य झाला. बरोबर १२ लाख कमावणाऱ्याचे त्यात वर्षाला ८०,००० रुपये वाचतात, असं अर्थमंत्र्यांनीच भाषणात सांगितलं. लाडक्या बहिणीचे ५३ हप्ते, साधारण साडेचार वर्षांचे! पगारदारांना वर ७५,००० रुपयांचं स्टँडर्ड डिडक्शन आहे. त्यासाठी एक पावती जोडावी लागत नाही. ओटीपी नाही, वडिलांचा दाखला नाही, घरात चारचाकी आहे का असं कोणी विचारत नाही. त्या ८०,००० मधून कोणी गोव्याला गेलं, कोणी नवा फोन घेतला. "सरकारनं कर सोडला आणि यांनी बीचवर उडवला," असा मेसेज मी तरी अजून कुठल्या ग्रुपवर पाहिलेला नाही.

मुंबई हायकोर्टात ऑगस्ट २०२४मध्ये एक याचिका आलीच होती, की करदात्यांच्या पैशांतून लाडकी बहीण नको. कोर्टानं ती फेटाळताना फी आणि कर यातला फरक समजावला. फी भरली की त्या बदल्यात ठरलेली सेवा मिळते. कराचं तसं नसतं. तो कुठे वापरायचा हे भरणाऱ्यानं सांगायचं नसतं. पुढे नागपूर खंडपीठातही अशा योजनांविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली. कोर्टात जाणं हा हक्कच आहे. पण कोणाच्या घरातला कूलर मोजणं हा नाही.

रविवारची वीस मिनिटं

तुमच्याकडे येणाऱ्या मावशी "पैसे येत नाहीत" म्हणत असतील तर लगेच 'अर्ज बाद झाला' असं समजू नका. सरकारी पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. ते आधारशी सगळ्यात शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात जातात. 'माय आधार'च्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतं. मावशींचा आधार नंबर, त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी, की बँकेचं नाव समोर. त्यांच्या समोर बसून, त्यांना विचारून करा आणि झाल्यावर लॉगआउट करा. बँक वेगळी निघाली तर तिथे जाऊन पासबुक भरून घ्यायचं.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१०ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. ते ज्या बाईंना मिळालं, त्यांच्याच लाडकी बहीणच्या पैशांना ही आधार-बँक जोडणी आडवी आल्याच्या बातम्या नंतर छापून आल्या. तर बाकीच्यांचं काय!

आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर धुणंभांडी करणाऱ्या एक काकू आहेत. सप्टेंबर २०२४मध्ये त्यांनी अर्ज केला होता, एक रुपया दिसला नाही, म्हणून त्यांनी नाद सोडला होता. ऑक्टोबर २०२५मध्ये माझ्या लॅपटॉपवर आम्ही स्टेटस पाहिलं. निघालं एक जुनं जनधन खातं, जे उघडल्याचं त्या विसरूनही गेल्या होत्या. पासबुक भरून आणलं तर त्यात ओळीनं तेरा नोंदी, १९,५०० रुपये.

काकूंनी ते पासबुक दोनदा वाचून घेतलं, घडी करून पदराच्या आत खोचलं आणि दारात थांबून म्हणाल्या, "तुमच्या त्या मोबाइलच्या ग्रुपवर सांगू नका बरं, ताई." म्हणून मजला मी बदलून लिहिलाय.